प्रमाणपत्रानंतरचा प्रथमोपचार: हात बसेपर्यंतच्या सरावाचा क्रम

एक दिवसाचे प्रथमोपचार प्रशिक्षण पूर्ण केलेल्या माणसाला पट्टी बांधता येते, सीपीआरचे, म्हणजे छातीवर दाब व तोंडाने श्वास देण्याचे, आकडे त्याला पाठ असतात, आणि तरीही प्रत्यक्ष प्रसंगी त्याचे चुकते. कारण प्रशिक्षणात प्रत्येक कौशल्य सुटे शिकवलेले असते आणि प्रसंगात ती सगळी एकापाठोपाठ, योग्य क्रमाने वापरावी लागतात. आमच्या ट्रेकिंग गटाच्या पहिल्या सरावात आम्ही दोन ‘जखमी’ ठेवले होते. एक जण हातावर कुंकवाचे पाणी ओतून मोठ्याने विव्हळत होता आणि दुसरा दहा पावलांवर झुडपाआड निपचित पडून होता. आम्ही चौघेही प्रमाणपत्रधारक विव्हळणाऱ्याकडे धावलो. निपचित पडलेल्याकडे कोणाचे लक्ष गेले तेव्हा जवळजवळ दोन मिनिटे उलटली होती, आणि त्या वेळी मी हाताच्या पट्टीची टोके नीटनेटकी खोचत होतो.

पुढील क्रम मूलभूत प्रशिक्षण झालेल्यांसाठी आहे. तीन-चार जणांनी आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा ते आठ आठवडे त्यासाठी धरावेत. छातीवर दाब देणे मात्र आधी प्रशिक्षकासमोर, पुतळ्यावरच शिकलेले असावे. इंडियन रेड क्रॉस सोसायटी आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांच्या वर्गांत ते शिकवले जाते. लेख वाचून किंवा चित्रफीत पाहून ते येत नाही.

पूर्वतयारी: पेटी आणि सरावाचे साहित्य

बहुतेकांच्या प्रथमोपचार पेटीत गोळ्यांची पाकिटे, मलमे आणि चिकटपट्ट्या खच्चून भरलेल्या असतात आणि मोठी जखम झाकेल असे काहीच नसते. सरावासाठी आणि प्रत्यक्ष वापरासाठी पुढील साहित्य पुरते.

१. त्रिकोणी पट्ट्या, किमान चार. साधारण एक मीटर पन्ह्याचे मांजरपाट दोन मीटर घ्यावे, धुऊन त्याची खळ काढावी, एक-एक मीटरचे दोन चौरस कापावेत आणि प्रत्येक चौरस कर्णावर कापून कडा शिवून घ्याव्यात. तयार पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात, परंतु त्या कधीकधी इतक्या आखूड असतात की जाड माणसाच्या गळ्यात गाठच बसत नाही.

२. दहा आणि पंधरा सेंटिमीटर रुंदीची क्रेप बँडेज, गॉजचे जंतुविरहित तुकडे, नायट्राइलचे हातमोजे, बोथट टोकाची कात्री आणि मार्कर पेन.

३. दोन जुने दिवाळी अंक. ते कशासाठी, हे चौथ्या टप्प्यात येईल.

४. सरावापुरता एक लोड किंवा जाड गुंडाळलेली सतरंजी, जुनी चादर आणि रंगीत पाणी.

तपासणी: पेटी दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि त्याला डोळे मिटून हातमोजे काढायला सांगावे. दहा सेकंदांत ते सापडले नाहीत, तर पेटीची मांडणी बदलावी. हातमोजे नेहमी सर्वांत वर असावेत.

टप्पा १: पहिले मिनिट

या टप्प्यावर दोन आठवडे घालवले तरी ते जास्त होत नाहीत. पहिल्या मिनिटात उपचार जवळजवळ काहीच करायचा नसतो. काय करायचे ते ठरवायचे असते, आणि घाबरलेल्या माणसाला नेमके तेच अवघड जाते. क्रम असा.

१. थांबावे आणि पाहावे. अंगावर येणारी वाहने, तुटलेली वीजवाहिनी, सुटणारे दगड, गॅसचा वास. धोका असेल तर तो आधी दूर करावा किंवा स्वतः दूर राहावे. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद झाल्याची खात्री झालीच पाहिजे.

२. जखमी किती आहेत ते मोजावे. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे त्याचे ओरडणेच सांगते. म्हणून आधी गप्प असलेल्याकडे जावे.

३. जवळ जाताना डोक्यापासून पायापर्यंत एक नजर टाकावी. कुठे रक्त भळाभळा वाहत असेल किंवा उडत असेल, तर ते थांबवणे इतर सर्व गोष्टींच्या आधी येते.

४. खांद्यांवर थोपटून मोठ्याने हाक मारावी. उत्तर आले, तर श्वासमार्ग मोकळा आहे आणि शुद्ध आहे, या दोन्ही गोष्टी एकदम कळतात.

५. उत्तर नसेल, तर एक हात कपाळावर ठेवून व दुसऱ्या हाताची बोटे हनुवटीच्या हाडाखाली लावून डोके मागे झुकवावे आणि कान नाकातोंडाजवळ नेऊन छातीकडे पाहत जास्तीत जास्त दहा सेकंद श्वास तपासावा.

६. श्वास नीट चालू असेल आणि पाठीच्या कण्याला इजा झाल्याची शंका नसेल, तर कुशीवर वळवावे. श्वास नसेल, तर तिसऱ्या टप्प्याकडे जावे.

७. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. मदतीला माणूस असेल, तर ‘कोणीतरी फोन करा’ असे हवेत न सांगता एकाकडे बोट दाखवून ‘निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा आणि ते काय म्हणाले ते मला येऊन सांगा’ असे म्हणावे. एकटे असल्यास फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवावा.

फोनवरील बोलणे हासुद्धा सरावाचाच भाग आहे. एकाने १०८ च्या ऑपरेटरची भूमिका घ्यावी आणि दुसऱ्याने त्याला सर्वप्रथम ठिकाण सांगावे, म्हणजे फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. रस्त्याचे नाव, किलोमीटरच्या दगडावरील आकडा, गावाकडून येताना कोणत्या बाजूला, जवळची ठळक खूण. त्यानंतर काय झाले, किती जण, शुद्ध आणि श्वास आहे की नाही. ‘लवकर या, खूप सिरियस आहे’ हे वाक्य आमच्या सरावात प्रत्येकाने पहिले उच्चारले आणि त्यातून पलीकडच्याला काहीही कळले नाही. समोरच्याने सांगेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही.

इशारा: गडांवर बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. कोणी खाली जायचे, हे चढाई सुरू करण्यापूर्वी पायथ्याच्या गावातच ठरवावे, आणि शक्य असेल तेथे दोघांनी मिळून जावे.

रस्ते अपघातात मदत करण्यास अनेक जण पोलिसांच्या धास्तीने कचरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते, आणि आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

टप्पा २: मोठा रक्तस्राव थांबवणे

आधी डोळ्यांना सवय करावी. अर्धा लिटर रंगीत पाणी जुन्या चादरीवर ओतून पाहावे, आणि तेवढेच पाणी फरशीवर व मातीवर ओतावे. फरशीवर ते भयंकर दिसते, चादरीत निम्मे दिसते आणि कोरड्या मातीत जवळजवळ नाहीसे होते. पावसाळी जॅकेटच्या आत किंवा मांडीखालच्या मातीत किती रक्त गेले असेल, याचा अंदाज या दहा मिनिटांच्या प्रयोगाने जितका येतो तितका कशानेच येत नाही. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटरच असते.

१. हातमोजे घालावेत, नसल्यास प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवावी.

२. कपडा कापून जखम उघडी करावी. कपड्यावरूनच दाबले, तर दाब भलत्याच जागी पडतो.

३. गॉज किंवा स्वच्छ कापड नेमके रक्त येणाऱ्या जागी ठेवून कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार देऊन दाबावे. हातापायाची जखम खोल आणि रुंद असेल, तर कापड आत ठासून भरावे आणि त्यावर दाबावे. छाती व पोटाच्या जखमेत असे काहीही ठासू नये.

४. दहा मिनिटे घड्याळ लावून दाब कायम ठेवावा.

५. रक्त वरपर्यंत आले, तर त्यावर दुसरे कापड ठेवून दाब वाढवावा. तेही भिजले, तर दोन्ही काढून रक्त नेमके कुठून येते ते पाहून नव्याने दाबावे. कापडावर कापड चढवत गेल्याने ढीग वाढतो आणि दाब मात्र कमी होत जातो.

६. रक्त थांबल्यावरच पट्टी बांधावी. त्यानंतर जखमीला आडवे झोपवून पांघरूण घालावे आणि तोंडाने काही देऊ नये.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘थांबले का’ हे पाहण्यासाठी दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलणे. धरू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी निघते. सरावात लोडावर घड्याळ लावून खरोखरच दहा मिनिटे दाबून पाहावे. चौथ्या मिनिटाला मनगटे भरून येतात आणि हात कधी सैल पडला ते आपल्या लक्षातही येत नाही.

इशारा: जखमेत रुतलेली काच, सळई किंवा लाकूड उपसू नये. त्याच्या दोन्ही बाजूंना जाड घड्या लावून ते हलणार नाही असे बांधावे.

टूर्निकेट, म्हणजे रक्तप्रवाह बंद करण्यासाठी हातापायाभोवती आवळायचा पट्टा, हा हातापायाच्या अशा रक्तस्रावासाठी आहे, जो थेट दाबाने थांबत नाही किंवा जेथे दाबणे शक्यच नाही. त्याचा पट्टा जखमेपासून पाच ते सात सेंटिमीटर वर, धडाच्या बाजूला, सांधा सोडून बांधावा. त्रिकोणी पट्टीची चार-पाच सेंटिमीटर रुंद घडी करावी, तिने दोन वेढे द्यावेत, अर्ध्या गाठीवर मजबूत काठी ठेवून पूर्ण गाठ मारावी आणि रक्त थांबेपर्यंत काठी फिरवून ती बांधून टाकावी. सुतळी, तार किंवा बुटाची नाडी वापरल्यास ती मांसात रुतते. वेळ मार्करने जखमीच्या कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहावी. एकदा आवळलेले टूर्निकेट ‘थोडे रक्त जाऊ द्यावे’ म्हणून अधूनमधून सैल करू नये. ते काढणे डॉक्टरांचे काम आहे. काठी फिरवण्याचा सराव लोडावरच करावा, एकमेकांच्या दंडावर करू नये.

टप्पा ३: छातीवर दाब, आणि घशात अडकलेला घास

हे वाचताना आकडे ओळखीचे वाटतील: प्रौढाच्या छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, तीस दाबांनंतर दोन श्वास. चुका होतात त्या आकड्यांच्या अलीकडे-पलीकडे.

पहिली चूक निदानाची. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे माणूस मधूनच आचके दिल्यासारखा, घरघरत तोंड उघडतो. भोवतालचे लोक ‘श्वास आहे, श्वास आहे’ म्हणतात आणि सगळे थांबतात. शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसल्यावर दाब सुरू करावेत. नाडी शोधत बसू नये. घाबरलेल्या अवस्थेत स्वतःच्याच बोटांतील ठोके जाणवतात.

दुसरी चूक लयीची, आणि ती आपल्या भाषेतही दडलेली आहे. एक ते दहापर्यंत मोजताना लय नीट राहते, पण ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ हे शब्द इतके लांब आहेत की तेथे हात हमखास रेंगाळतात. आम्ही आता एक ते दहा असे तीनदा मोजतो. तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत व्हायला हवेत; मोबाइलमधील मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारे ॲप, मिनिटाला ११० वर लावून तपासावे.

तिसरी चूक म्हणजे दाबल्यानंतर छातीवर रेलून राहणे. छाती पूर्ण वर आली नाही, तर हृदयात रक्त परत भरत नाही.

१. जखमीला कडक जमिनीवर घ्यावे. गादीवर दिलेला दाब गादीच खाते.

२. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, आपण दमलो नाही असे वाटत असले तरी. बदलणाऱ्याने समोरच्या बाजूला आधीच गुडघ्यांवर बसलेले असावे आणि खंड दहा सेकंदांच्या आत असावा.

३. तोंडाने श्वास देण्याची तयारी नसेल, तर नुसते दाब चालू ठेवावेत. काहीच न करण्यापेक्षा ते फार मोलाचे आहे.

४. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, मिळाले, तर ते ताबडतोब सुरू करून त्यातील सूचना पाळाव्यात. घाम पुसून छाती कोरडी करावी, मगच पॅड लावावेत.

शेततळ्यात, विहिरीत किंवा समुद्रात बुडालेल्याच्या बाबतीत प्राणवायूचा अभाव हेच मूळ कारण असते, म्हणून तेथे सुरुवात श्वासांनी करावी. पोट दाबून पाणी काढणे किंवा पाय धरून उलटे टांगणे यात वेळ जातो आणि पोटातले फुफ्फुसात जाण्याची भीती वाढते.

इशारा: छातीवरील दाब आणि पोटावरील झटके यांचा सराव जिवंत माणसावर कधीही करू नये. घास अडकल्याच्या सरावात केवळ उभे राहण्याची जागा आणि हातांची पकड शिकावी.

घास अडकलेला माणूस जोपर्यंत जोरात खोकू शकतो, तोपर्यंत त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटालगतच्या भागाने पाच फटके आणि नंतर बेंबीच्या वर, आत व वरच्या दिशेने पाच झटके, असे आळीपाळीने द्यावे. गरोदर स्त्रीला व एक वर्षाखालील बाळाला पोटावर झटके देऊ नयेत, त्यांच्यासाठी छातीवर दाब आहे. बाळाला तो कसा द्यायचा ते प्रशिक्षकाकडूनच शिकावे. न दिसणारी वस्तू बोटाने काढायला जाऊ नये. माणूस बेशुद्ध पडला, तर सीपीआर सुरू करावे.

टप्पा ४: मोडलेला हात बांधणे

येथे दिवाळी अंक कामाला येतो. अंक लांबीत वळवला की त्याची पन्हाळी तयार होते, तीत मनगट ते कोपर हा भाग नेमका बसतो आणि शंभर-दोनशे पाने हव्या तितक्या ताठपणे आधार देतात.

१. जखमीला आपला हात दुसऱ्या हाताने धरायला सांगावे. तोच पहिला आणि सर्वांत आरामदायक आधार असतो.

२. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, कडे काढावे. सूज चढल्यावर ते कापावे लागते.

३. बांधण्यापूर्वी बोटांची तपासणी करावी: रंग, ऊब, स्पर्श कळतो का, बोटे हलतात का. नख दाबून सोडावे. पांढुरकेपणा जाऊन गुलाबी रंग साधारण दोन सेकंदांत परत यायला हवा.

४. हात आहे त्या स्थितीत ठेवावा. वाकडे सरळ करायला जाऊ नये. हाड बाहेर आले असेल, तर ते जंतुविरहित गॉजने झाकावे.

५. पन्हाळीत मऊ कापड घालून हात ठेवावा आणि मोडलेल्या जागेच्या वर व खाली बांधावे. मोडलेल्या जागेवरच गाठ घालू नये.

६. झोळी बांधावी. पट्टीचे टोकदार अंग कोपराकडे, गाठ मानेच्या बाजूला, आणि हाताचा पंजा कोपरापेक्षा किंचित वर.

७. तिसऱ्या पायरीतील तपासणी पुन्हा करावी, आणि नंतर दर दहा मिनिटांनी करावी.

गाठ नेहमी चपटी असावी: उजवे टोक डाव्यावर, नंतर डावे उजव्यावर. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली, तर गाठ तिरपी बसते आणि चालताना सुटते. मी पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या मनगटाला बांधले, तेव्हा सगळे देखणे झाले होते, पण सातवी पायरी मी गाळली. वीस मिनिटांनी त्या मुलीने ‘दादा, बोटांना मुंग्या येताहेत’ असे सांगितले, तेव्हा नखे निळसर पडली होती. क्रेप बँडेज सैल केल्यावर रंग परत आला.

पाय मोडला असेल, तर दोन्ही पायांच्या मध्ये घडी घालून तो चांगल्या पायाला बांधावा आणि गाठी चांगल्या पायाच्या बाजूला घ्याव्यात. उंचावरून पडलेल्याला मान किंवा पाठ दुखत असेल, तर त्याला हलवू नये. आहे त्या स्थितीत डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे.

टप्पा ५: आधीचे शिकलेले विसरणे

या टप्प्यात नवे कौशल्य थोडे आहे. घरोघरी शिकवलेल्या गोष्टी हाताला येऊ न देणे, एवढेच साधायचे आहे.

भाजणे: वाहत्या, साध्या पाण्याखाली वीस मिनिटे. टूथपेस्ट, हळद, बर्फ, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही नाही. फोड फोडू नयेत.

फिट येणे: कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, तर १०८. थांबल्यावर कुशीवर वळवावे.

सर्पदंश: दंशाच्या वर दोरी आवळणे, चिरणे, चोखणे हे तिन्ही वर्ज्य. अंगठ्या, जोडवी, पैंजण काढावेत, हात किंवा पाय चौथ्या टप्प्याप्रमाणे पण सैल बांधून स्थिर करावा, माणसाला चालू न देता उचलून रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ दवडू नये. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दंश दुखत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या, तर खुणेची वाट न पाहता निघावे.

टप्पा ६: सगळे एकत्र, आणि पुढे सोपवणे

आता प्रसंग उभे करावेत. एकाने चिठ्ठीवर प्रसंग लिहावा, ‘जखमी’ झालेल्यालाच तो ठाऊक असावा, आणि एकाने घड्याळ धरून केवळ नोंदी घ्याव्यात: धोका पाहिला का, फोन कितव्या सेकंदाला झाला, रक्त थांबायला किती वेळ लागला. प्रसंग चालू असताना कोणीही दुरुस्ती सांगू नये. निदान एका प्रसंगात ‘नातेवाईक’ असावा, जो पाणी पाजण्याचा आग्रह धरतो. त्याला काही काम देऊन बाजूला नेणे हे शिकण्यासारखे कौशल्य आहे.

रुग्णवाहिका आल्यावर सोपवण्यासाठी एक कागद भरावा: काय घडले व किती वाजता, शुद्धीत झालेले बदल, कोणते उपाय केले, टूर्निकेटची वेळ, ॲलर्जी, चालू औषधे, आधीचे आजार, शेवटचे खाणे-पिणे. हे प्रश्न माणूस शुद्धीत असतानाच विचारून घ्यावेत, कारण नंतर ते सांगणारे कोणी उरेलच असे नाही. तोंडी सांगताना अर्ध्या मिनिटात संपेल इतकेच सांगावे आणि कागद हाती द्यावा.

आठ आठवड्यांनंतर दर तीन महिन्यांनी पहिला, दुसरा व तिसरा टप्पा पुन्हा करावा. वापरलेल्या पट्ट्या त्याच संध्याकाळी धुऊन, वाळवून, घडी करून पेटीत ठेवाव्यात आणि आतले साहित्य यादीशी ताडून पाहावे. एकदा आम्ही गडाच्या अर्ध्या वाटेवर पेटी उघडली, तेव्हा पट्ट्यांच्या जागी आदल्या सहलीतला चिवडा निघाला होता.